चौथ्या श्रेणीचा प्रबंध

माती परीक्षणानंतर शेतकऱ्याच्या हाती जी मृद आरोग्य पत्रिका पडते, तिच्यात सामू आणि विद्युतवाहकता असे दोन रकाने असतात. जमीन आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी, हे पहिला रकाना सांगतो. तिच्यात विरघळणारे क्षार किती साठले आहेत, हे दुसरा. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसपट्ट्यात पाण्याच्या अतिवापराने ज्यांच्या जमिनी खारवल्या, त्यांना या दुसऱ्या रकान्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. माती पाण्यात कालवायची, त्या पाण्यातून वीज किती सुलभतेने वाहते ते मोजायचे आणि त्यावरून क्षारांचे प्रमाण ठरवायचे, अशी ही साधी रीत आहे. शुद्ध पाणी विजेला जवळजवळ वाट देत नाही; कोरडे मीठही देत नाही. परंतु मीठ पाण्यात विरघळले की तेच पाणी वीज वाहू लागते. असे का होते, याच्या आज मान्य असलेल्या उत्तराचे बीज ज्या प्रबंधात होते, तो स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने १८८४ साली चौथ्या श्रेणीचा ठरविला. त्याच प्रबंधातून वाढलेल्या सिद्धांताला १९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रबंधाचा कर्ता स्वांटे आऱ्हेनियस. त्याची हकीकत पुष्कळदा एखाद्या नीतिकथेसारखी सांगितली जाते: मूर्ख परीक्षक, उपेक्षित प्रतिभावंत आणि अखेर सत्याचा विजय. ती ऐकून विद्यार्थ्यांना धीर येत असेल. पण तिच्यातून निघणारा बोध चुकीचा आहे. परीक्षक मूर्ख नव्हते, आणि सत्यही आपल्या बळावर विजयी झाले नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला या चरित्रात निराळीच गोष्ट दिसते. ज्या बाजारात घेणारा एकच असतो, तेथे मालाचा भाव मालाच्या गुणापेक्षा घेणाऱ्याच्या आकलनावर आणि मर्जीवर ठरतो. आऱ्हेनियस तरला, कारण त्याच्या मालाला दुसरा घेणारा मिळाला. ज्ञानाच्या क्षेत्रातील मक्तेदारी म्हणजे काय, हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी हे चरित्र जरा सावकाश वाचावे.

आऱ्हेनियसचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्सालाजवळच्या विक येथे झाला. त्याचे वडील जमिनीच्या मोजणीचे काम करीत आणि विद्यापीठाच्या नोकरीत होते. मुलगा तीन वर्षांचा असताना कोणी न शिकविता वाचू लागला आणि वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या पाहून आकडेमोड शिकला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आयुष्यभर त्याने जे केले, त्याचे मूळ या दुसऱ्या गोष्टीत शोधता येईल. आकड्यांच्या लांबलचक ओळींतून एखादा साधा संबंध हुडकून काढणे, हे त्याचे खरे कसब होते. १८७६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो उप्साला विद्यापीठात दाखल झाला.

उप्साला हे स्वीडनमधील सर्वांत जुने विद्यापीठ. तेथे पदार्थविज्ञान शिकविणारा टोबियास थालेन वर्णपटांच्या अचूक मोजमापांसाठी ख्यातनाम होता. रसायनशास्त्राचा प्राध्यापक पेर टेओडोर क्लेव्हे याने १८७९ साली होल्मियम आणि थुलियम ही दोन मूलद्रव्ये शोधून काढली होती. अशा माणसांना सामान्य म्हणता येणार नाही. मात्र दोघांचेही मन आपापल्या विषयाच्या ठरलेल्या चौकटीत रमलेले होते. थालेनचे लक्ष वर्णपटांवर, क्लेव्हेचे नवी संयुगे व मूलद्रव्ये मिळविण्यावर. आऱ्हेनियसला पडलेला प्रश्न यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नव्हता. या शिक्षणाने त्याचे समाधान झाले नाही. १८८१ साली तो उप्साला सोडून स्टॉकहोमला गेला आणि तेथील विज्ञान अकादमीत एरिक एडलंड या पदार्थवैज्ञानिकाच्या हाताखाली काम करू लागला. पदवी उप्सालाचीच घ्यावयाची होती. प्रयोग करण्याची जागा मात्र विद्यापीठाबाहेर मिळाली. त्याच्या आयुष्यात उघडलेले हे पहिले दुसरे दार.

त्याचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर थोडे मागे जावे लागते. द्रावणातून वीज सोडली की त्यातील पदार्थाचे घटक विजेच्या दोन पट्ट्यांकडे सरकतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून ठाऊक होते. मायकेल फॅरडेने १८३४ साली या सरकणाऱ्या घटकांना आयन, म्हणजे जाणारे, असे ग्रीक धातूवरून नाव दिले. परंतु फॅरडेची आणि त्याच्यानंतरच्या बहुतेकांची समजूत अशी होती की, हे आयन वीजच निर्माण करते. विद्युतप्रवाह येतो आणि अखंड रेणूला फोडतो. या समजुतीत एक अडचण होती. रेणू फोडण्यासाठी काही किमान जोर लागलाच पाहिजे आणि तेवढा जोर येईपर्यंत द्रावणातून वीज जाताच कामा नये. प्रत्यक्षात अगदी क्षीण विद्युतदाबालाही द्रावण प्रतिसाद देते. ही अडचण ओळखून रुडॉल्फ क्लाउसियस या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १८५७ साली सुचविले होते की, रेणूंचा अगदी अल्पसा भाग अधूनमधून मोकळा होत असावा. तो भाग किती, हे मात्र त्याला सांगता आले नाही. पुढे फ्रीड्रिख कोलराउशने उलटसुलट वाहणारा प्रवाह वापरून द्रावणांचा विद्युतरोध अचूक मोजण्याची पद्धत बसविली, आणि भरवशाचे आकडे हाती येऊ लागले.

स्टॉकहोमला आऱ्हेनियसने अत्यंत विरळ द्रावणांची विद्युतवाहकता मोजण्याचे काम हाती घेतले. पाणी जसजसे वाढवावे, तसतशी मिठाच्या वा आम्लाच्या ठरावीक वजनामागे वाहकता वाढत जाते आणि अखेर एका मर्यादेला जाऊन टेकते, असे आढळत होते. पदार्थ तेवढाच असून त्याचे कार्य वाढते, याचा अर्थ काय? १७ मे १८८३ च्या रात्री आपल्याला उत्तर सुचले आणि सारा प्रश्न उलगडेपर्यंत झोप आली नाही, असे त्याने पुढे सांगितले आहे. उत्तर असे की, विरघळलेल्या पदार्थाचे काही रेणू सक्रिय असतात, काही निष्क्रिय. वीज वाहण्याचे काम फक्त सक्रिय रेणू करतात. पाणी वाढले की निष्क्रियांपैकी अधिकाधिक सक्रिय होतात. सगळे सक्रिय झाले की मर्यादा येते. कामकरी लोकसंख्येतील प्रत्यक्ष कामावर असलेल्यांचे प्रमाण अर्थशास्त्रज्ञ काढतात, तशातलाच हा हिशेब होता. दिलेल्या द्रावणाच्या वाहकतेला त्या मर्यादेने भागले की सक्रियांचे प्रमाण मिळते. क्लाउसियसला जो आकडा सांगता आला नव्हता, तो आता मोजता येऊ लागला.

आणखी एक धागा त्याच प्रबंधात होता. जी आम्ले वीज चांगली वाहतात, तीच रासायनिक दृष्ट्याही प्रबळ असतात, असे त्याने दाखविले. गंधकाम्ल आणि शिरक्यातील आम्ल यांच्या बलात इतका फरक का, या रसायनशास्त्राच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर विजेच्या मापनातून मिळत होते. जून १८८३ मध्ये हे संशोधन विज्ञान अकादमीपुढे ठेवण्यात आले. अकादमीने ते प्रसिद्ध केले आणि १८८४ साली तोच प्रबंध उप्सालाला पदवीसाठी सादर झाला. भाषा फ्रेंच, पाने सुमारे दीडशे, आणि त्यात एकूण छप्पन्न विधाने.

आपल्याला एक नवा सिद्धांत सुचला आहे, हे सांगण्यासाठी आऱ्हेनियस क्लेव्हेकडे गेला, तेव्हा क्लेव्हेने तोंडदेखली दाद देऊन त्याला निरोप दिला, ही आठवण त्यानेच पुढे सांगितली. विद्यापीठाचा निकाल याहून फारसा उदार नव्हता. प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली. जाहीर चर्चेत प्रबंधाचे समर्थन त्याने ज्या रीतीने केले, तिला तिसरी. पदवी मिळाली, पण अशा श्रेणीवर विद्यापीठात अध्यापनाचे स्थान मिळण्याची आशा नव्हती. पंचवीस वर्षांच्या तरुणाचा मार्ग येथेच संपावयाचा.

परीक्षकांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. प्रबंध वाचावयास सोपा नव्हता. प्रयोगाचा भाग एकीकडे, सैद्धांतिक अनुमानांचा भाग दुसरीकडे, आणि अनुमाने पुराव्याच्या पुढे धावणारी. मीठ पाण्यात पडताच मोकळ्या आयनांत विभागते, हे विधान आज आपण त्याच्या नावाने सांगतो. पण ते इतक्या स्पष्टपणे १८८४ च्या प्रबंधात नाही. तेथे सक्रिय व निष्क्रिय अशीच सावध भाषा आहे. शिवाय विषय कोणाचा, हा प्रश्न होताच. रसायनशास्त्रज्ञाला त्यात एकही नवे संयुग दिसत नव्हते आणि पदार्थवैज्ञानिकाला त्यातील आम्लांच्या बलाची चर्चा परकी वाटत होती. आपापल्या शास्त्राच्या मापाने पाहता दोघांचाही निकाल समजण्यासारखा आहे. दोष व्यक्तींचा असता तर व्यक्ती बदलून भागले असते. दोष असा होता की, ज्या दोन मापांपैकी कोणतेही या प्रबंधाला लागू नव्हते, त्या दोनच मापांवर एका माणसाचे भवितव्य तोलले जात होते.

आऱ्हेनियसने मग दुसरा बाजार शोधला. त्याने प्रबंधाच्या प्रती परदेशी पाठविल्या. क्लाउसियसला, लोथार मायरला, हॉलंडच्या फान्ट हॉफला आणि रिगा येथे प्राध्यापक असलेल्या विल्हेल्म ओस्टवाल्डला. ओस्टवाल्ड त्या वेळी तीस-एकतीस वर्षांचा होता. जून १८८४ मधील एकाच दिवशी आपल्याला तीन गोष्टी लाभल्या, असे त्याने पुढे गमतीने नमूद केले: दाढदुखी, नवजात कन्या आणि आऱ्हेनियसचा प्रबंध. तिन्हींपैकी शेवटच्या गोष्टीने त्याची झोप अधिक मोडली असावी. कारण आम्लांचे बल मोजण्याचे काम तो स्वतः कित्येक वर्षे निराळ्या मार्गांनी करीत होता. त्याने आपल्या आम्लांची विद्युतवाहकता मोजली आणि दोन्ही मार्गांनी आलेले आकडे ताडून पाहिले. ते जुळले.

ऑगस्ट १८८४ मध्ये ओस्टवाल्ड रिगाहून उप्सालाला आला, आऱ्हेनियसला भेटला आणि त्याने त्याला रिगाला जागा देऊ केली. एका परदेशी प्राध्यापकाने एवढा प्रवास करून भेटावयास यावे, याचा विद्यापीठावर जो परिणाम व्हावयाचा तो झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस उप्सालाने आऱ्हेनियसला भौतिक रसायनशास्त्राचा अध्यापक नेमले. या विषयातील अशी ती स्वीडनमधील पहिलीच नेमणूक. प्रबंधातील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती केवळ घेणाऱ्यांची संख्या. दुसरा घेणारा दारात उभा राहताच पहिल्याने आपला भाव सुधारला. मक्तेदारीविषयी अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके जे आलेख काढून सांगतात, ते उप्सालात काही महिन्यांत प्रत्यक्ष घडले.

वडिलांच्या आजारपणामुळे आऱ्हेनियसला तत्काळ रिगाला जाता आले नाही. १८८५ साली वडील वारले. त्यानंतर अकादमीने त्याला प्रवासवृत्ती दिली आणि १८८६ पासून काही वर्षे तो युरोपभर हिंडला. रिगाला ओस्टवाल्ड, वुर्त्सबर्गला कोलराउश, ग्रात्सला बोल्ट्समन, ॲम्स्टरडॅमला फान्ट हॉफ असा हा प्रवास होता. या भ्रमंतीतच त्याच्या कल्पनेला तिचा भक्कम पुरावा मिळाला. फान्ट हॉफने द्रावणांतील परासरणदाबाला वायूंचेच नियम लागू पडतात असे दाखविले होते. पण साखरेसारख्या पदार्थांना लागू पडणारा हा नियम मीठ आणि आम्ले यांच्या बाबतीत चुकत होता. गोठणबिंदूच्या प्रयोगांतही हाच अनुभव येई. साखरेचे जितके रेणू घालून पाण्याचा गोठणबिंदू जितका खाली येतो, तितकेच मिठाचे रेणू घातले तर तो जवळजवळ दुप्पट खाली येतो. कॅल्शियम क्लोराइड घातले तर तिपटीच्या आसपास. आऱ्हेनियसला यातील मेख तत्काळ दिसली. कण मोजले जात होते, आणि मिठाचा एक रेणू पाण्यात दोन कण होऊन वावरत होता. वाहकतेवरून काढलेले विघटनाचे प्रमाण आणि गोठणबिंदूवरून काढलेले प्रमाण त्याने शेजारी शेजारी मांडले. विजेशी काडीचाही संबंध नसलेल्या मापनाने विजेच्या मापनाला साक्ष दिली.

१८८७ साली हे विवेचन प्रसिद्ध झाले, आणि आता विधान निःसंदिग्ध होते. पाण्यात विरघळलेले मीठ, आम्ल वा अल्क यांचे विघटन वीज करीत नाही. वीज येण्यापूर्वीच ते आयनांत विभागलेले असते. वीज फक्त त्यांना दिशा देते. ज्या नियतकालिकात हे आले, ते भौतिक रसायनशास्त्राला वाहिलेले नियतकालिक ओस्टवाल्ड आणि फान्ट हॉफ यांनी त्याच वर्षी सुरू केले होते. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या दोन बाजारपेठांत जो माल खपत नव्हता, त्याच्यासाठी तिसरी पेठ वसविण्यात आली, असे म्हटले तरी चालेल.

विरोध अर्थातच झाला, आणि तो केवळ दुराग्रहाचा नव्हता. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा हिरवट विषारी वायू. हे दोघे मिठाच्या पाण्यात सुटे फिरत असतील तर ते पाणी आपण पितो कसे? आऱ्हेनियसचे उत्तर असे की, विद्युतभारित सोडियम आणि धातुरूप सोडियम या गुणांनी अगदी भिन्न वस्तू आहेत. परंतु अणूवर विद्युतभार येतो म्हणजे नेमके काय होते, हे सांगण्यासाठी लागणारा इलेक्ट्रॉन तेव्हा ठाऊक नव्हता, तो जे. जे. थॉमसनने १८९७ साली शोधला. त्यामुळे इंग्लंडमध्ये हेन्री आर्मस्ट्राँगसारखा रसायनशास्त्रज्ञ या सिद्धांताची दीर्घकाळ टर उडवू शकला. आयनवाद्यांनी त्यावर पुराव्यांची रास घातली. कोणतेही प्रबळ आम्ल आणि कोणतेही प्रबळ अल्क एकत्र करा, निघणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. कारण दोन्ही द्रावणांत इतर आयन आधीपासून मोकळेच असतात. प्रत्यक्षात संयोग होतो तो हायड्रोजनच्या आयनाचा आणि हायड्रॉक्सिलच्या आयनाचा, आणि त्यातून पाणी बनते. वर्षानुवर्षे कोष्टकांत पडून असलेल्या एका वस्तुस्थितीला असा अर्थ लाभला.

१८९१ साली जर्मनीतील गीसेन येथील प्राध्यापकपद नाकारून आऱ्हेनियस स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात साधा अध्यापक म्हणून आला. १८९५ साली तेथेच त्याला प्राध्यापकपद मिळाले, तेही विरोध मोडून. कुंपणे ओलांडण्याची त्याची सवय कायम होती. तापमानाबरोबर रासायनिक क्रियांचा वेग कसा वाढतो, याचे त्याने १८८९ साली दिलेले समीकरण आजही महाविद्यालयात शिकविले जाते. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल, असे १८९६ साली हाताने आकडेमोड करून सांगणाराही तोच.

१९०३ साली नोबेलचा विचार निघाला, तेव्हा उप्सालाचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. हे काम पदार्थविज्ञानाचे की रसायनशास्त्राचे? दोन्ही पारितोषिकांचा अर्धा अर्धा भाग द्यावा, अशीही सूचना पुढे आली. ती पदार्थविज्ञानाच्या समितीला मानवली नाही, आणि अखेर रसायनशास्त्राचे पूर्ण पारितोषिक देण्यात आले. त्या वेळी रसायनशास्त्राच्या समितीत क्लेव्हे होता. या कामाचे खरे स्थान कोठे, हे रसायनशास्त्रज्ञांना आणि पदार्थवैज्ञानिकांना उमजले नव्हते आणि वस्तुतः त्याने दोन शास्त्रांमध्ये पूल बांधला, असे क्लेव्हेने जाहीरपणे मान्य केले. हा त्याचा मोठेपणा. १९०५ साली बर्लिनहून बोलावणे आले, तेव्हा अकादमीने आऱ्हेनियसला मायदेशी ठेवण्यासाठी भौतिक रसायनशास्त्राची नोबेल संस्था उभारून तिचे संचालकपद त्याला दिले. येथेही दुसऱ्या ग्राहकाने पहिल्याला जागे केले, हे ध्यानात घ्यावे.

चरित्र येथे थांबले असते तर ते गोड झाले असते. परंतु यापुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. १९०६ साली रसायनशास्त्राच्या नोबेल समितीने बहुमताने मेंडेलेयेव्हचे नाव सुचविले होते. मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडणारा हा रशियन शास्त्रज्ञ आऱ्हेनियसच्या विघटन सिद्धांताचा टीकाकार होता. आऱ्हेनियस त्या समितीचा सदस्य नव्हता, तरी अकादमीत त्याचे वजन मोठे. आवर्त सारणी फार जुनी झाली, या युक्तिवादाला त्याने आपले बळ दिले आणि पारितोषिक फ्रान्सच्या म्वासांला गेले. फेब्रुवारी १९०७ मध्ये मेंडेलेयेव्ह निवर्तला. जुना मित्र आणि नंतरचा प्रतिस्पर्धी वाल्टर नेर्न्स्ट याच्या पारितोषिकालाही आऱ्हेनियसने वर्षानुवर्षे विरोध केला. ते १९२० सालासाठीचे म्हणून १९२१ मध्ये मिळाले. ज्याच्यावर परीक्षकांच्या आकलनाची मर्यादा एकदा बेतली होती, तो स्वतः परीक्षक झाल्यावर दार अडवून उभा राहिला.

यावरून आऱ्हेनियसला ढोंगी ठरविण्याचे कारण नाही. सोसलेला अन्याय माणसाला न्यायी बनवितोच असे नाही. म्हणूनच, चांगली माणसे परीक्षक नेमा म्हणजे सर्व ठीक होईल, ही आशा अपुरी आहे. चांगली माणसे क्लेव्हेही होती, आऱ्हेनियसही होता. प्रश्न दारांच्या संख्येचा आहे.

ही संख्या पुरेशी असली की काय घडते, याचे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. आऱ्हेनियसचा सिद्धांत शिरक्यातील आम्लासारख्या दुर्बल पदार्थांना उत्तम लागू पडे. मिठासारख्या प्रबळ पदार्थांच्या बाबतीत त्याचे गणित नीट जमत नसे. कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ साली, वयाच्या पंचविशीच्या आतबाहेर, लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात असे मांडले की, मिठासारखे पदार्थ पाण्यात पूर्णपणेच विघटित असतात. आयनांची परस्परांवरील ओढ त्यांच्या हालचालीला अडसर घालते, एवढेच. त्यांच्या सिद्धांतातील काही गृहीतके टिकली नाहीत. १९२३ साली डिबाय आणि ह्युकेल यांनी निराळ्या गणिताने तो प्रश्न सोडविला. पण पूर्ण विघटनाची दिशा बरोबर होती. पारतंत्र्यातील एका तरुणाचा लेख प्रस्थापित सिद्धांताविरुद्ध जाऊनही छापला गेला, वाचला गेला आणि त्यावर वादही झाला. हेच घोष पुढे खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

आता आपल्या विद्यापीठांकडे पाहावे. प्रबंधाचा मार्गदर्शक, त्याचे परीक्षक, नेमणुकीच्या वेळी बसणारे तज्ज्ञ आणि संशोधन छापणारे संपादक ही सारी मंडळी पुष्कळदा एकाच लहानशा वर्तुळातली असतात. आज तुम्ही माझ्या विद्यार्थ्याचे परीक्षक, उद्या मी तुमच्या विद्यार्थ्याचा. या व्यवस्थेत कोणी लबाडी करीत नसले तरीही ती एकाच ग्राहकाची बाजारपेठ असते. गंमत अशी की, तिचा परिणाम बहुधा चौथ्या श्रेणीत दिसत नाही. तो सर्वांना सरसकट मिळणाऱ्या उत्तम शेऱ्यात दिसतो. कारण ज्या विद्यार्थ्याला कोण काय घेते हे ठाऊक असते, तो तेवढाच माल पिकवितो. जो प्रश्न दोन विषयांच्या बांधावर उगवतो, तो कोणी पेरीतच नाही. नापास झालेला आऱ्हेनियस निदान मोजता येतो. जन्मालाच न आलेला मोजता येत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, दारे वाढविली तर कचराही आत येईल. आक्षेप गंभीर आहे. परंतु ओस्टवाल्डने काय केले ते आठवावे. त्याने दया दाखविली नाही. त्याने आपल्या प्रयोगशाळेत आकडे तपासले. दुसरे दार म्हणजे सवलत नव्हे, ती दुसरी कसोटी. प्रबंधाचा एक परीक्षक शेजारच्या विषयातला असणे, परीक्षकांचे अहवाल सर्वांना वाचावयास खुले असणे, पदवीची श्रेणी आणि नोकरीची निवड यांचे निर्णय एकाच मंडळींच्या हाती नसणे, विद्यापीठांबाहेरच्या संस्थांकडे संशोधनासाठी स्वतंत्र पैसा असणे, या गोष्टींना फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती आपले आकलन अपुरे असू शकते हे मान्य करण्याची तयारी, आणि ती तयारी व्यक्तीच्या सौजन्यावर न सोडता नियमांत बसविण्याचा निर्धार.

आऱ्हेनियस २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे निवर्तला. त्याचे दफन उप्सालातच झाले. ज्या विद्यापीठाने त्याला चौथी श्रेणी दिली, त्याच्या इतिहासात आज त्याचे नाव अभिमानाने घेतले जाते. आपल्या विद्यापीठांनाही कधी काळी असा अभिमान मिरवावयाचा असेल, तर आज एखाद्या कपाटात धूळ खात पडलेला, कोणत्याच विषयात न बसणारा प्रबंध दुसऱ्या कोणाला तरी वाचता येईल, एवढी तजवीज त्यांनी आधी केली पाहिजे.